झरमॅटला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचाच
स्वित्झर्लंडमध्ये गाडी भाड्याने घेऊन थेट झरमॅटच्या हॉटेलच्या दारात उतरू असा प्लॅन असेल तर तो आत्ताच बदला, कारण गावात पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदीच आहे, गाडी अलीकडे टॅश गावात पार्क करायची आणि तिथून शटल ट्रेन, जेमतेम 12 मिनिटं लागतात. गावात छोट्या चौकोनी इलेक्ट्रिक टॅक्सी फिरतात, बऱ्याच हॉटेलांची स्वतःची असते, बुकिंग करतानाच विचारून ठेवा म्हणजे बर्फात बॅगा ओढत बसावं लागत नाही.

आणि प्लीज, जीन्स घालून बर्फात जाऊ नका! कॉटन एकदा भिजलं की वाळत नाही आणि मग जी थंडी वाजते ना... आतून थर्मल, मध्ये फ्लीस, वरून वॉटरप्रूफ जॅकेट, बास. बुटांना मात्र चांगली ग्रिप हवीच, संध्याकाळी गल्ल्यांमधला वितळलेला बर्फ परत गोठतो आणि काचेसारखा होतो. सनस्क्रीन आणि गॉगल पण विसरू नका, बर्फावरून ऊन उलटं तोंडावर येतं.

स्कीइंग येत नसलं तरी गोर्नरग्राट डोंगरावर जाणारी रेल्वे नक्की करा, 1898 पासून चालू आहे, थेट 3089 मीटरवर नेते, हाफ फेअर कार्ड (स्वित्झर्लंडमधलं प्रवास सवलतीचं कार्ड) असेल तर तिकीट निम्म्यात. वरती गेल्यावर धावपळ नको, हवा विरळ असते, लहान मुलं किंवा आईबाबा बरोबर असतील तर जरा जास्तच जपून. खाली आलात की हिंटरडॉर्फमध्ये, म्हणजे झरमॅटच्या जुन्या भागात चक्कर मारा, तिथली जुनी लाकडी कोठारं खांबांवर उभी आहेत आणि प्रत्येक खांबावर एक गोल चपटा दगड, उंदीर वर चढून धान्य खाऊ नयेत म्हणून, आपल्याकडच्या कणगीची आठवण येते अगदी.