छापाचित्रं जमवायची तर आधी भिंग घ्या

पाचशेची करकरीत नोट घ्या आणि गांधीजींच्या चित्रावरून अंगठा फिरवा. शाईचा उठाव बोटाला जाणवतो. नाशिकरोडच्या नोट प्रेसमधली ही छपाई आणि कलावंताचं एचिंग (आम्लाने धातूची प्लेट कोरून काढलेलं चित्र), दोन्हींचं तत्त्व एकच. प्लेटवर खोल गेलेल्या रेषेत शाई भरायची, वरची पुसायची आणि जबर दाब देऊन ती कागदावर घ्यायची.

छापाचित्राला, म्हणजे कलावंताने प्लेट किंवा पडद्यावरून छापलेल्या मूळ चित्राला, मात्र बोट लावायचं नाही. टॉर्च कागदाला जवळजवळ समांतर धरा. एचिंग असेल तर शाईचा उठाव दिसतो आणि चित्राभोवती प्लेटच्या कडेचा दबलेला चौकोनही. मग दहापट मोठं दाखवणारं भिंग लावा. रंगीत ठिपक्यांची फुलासारखी नियमित जाळी दिसली तर ती ऑफसेट, म्हणजे पुस्तकं-पोस्टरांची यंत्रावरची छपाई. बारीक तुषार उडाल्यासारखे ठिपके दिसले तर इंकजेट. सेरीग्राफमध्ये, म्हणजे जाळीच्या पडद्यातून छापलेल्या चित्रात, रंगाचे सपाट थर एकावर एक बसलेले असतात.

एवढी खटपट अशासाठी की ‘लिमिटेड एडिशन’ हा शिक्का पेंटिंगच्या फोटोवरून काढलेल्या इंकजेट प्रतींवरही असतो. क्रमांक असतो, सहीसुद्धा असते. आवडली तर जरूर घ्या, पण प्रतिकृती म्हणून आणि प्रतिकृतीच्याच भावाने.

चित्राखाली डावीकडे 12/50 असं लिहिलेलं असतं: पन्नासांतली बारावी प्रत. उजवीकडे सही, बहुधा पेन्सिलीने. ‘ए.पी.’ म्हणजे कलावंताने स्वतःसाठी राखलेली प्रत. अशा प्रती साधारण एडिशनच्या, म्हणजे क्रमांक घातलेल्या एकूण प्रतींच्या, दहा टक्क्यांच्या आसपास असतात. 1/50 ही प्रत 40/50 पेक्षा भारी, हा समज चुकीचा. अपवाद ड्रायपॉइंटचा, म्हणजे आम्लाशिवाय थेट सुईने प्लेटवर ओरखडून काढलेल्या चित्राचा. तिथे सुईने उचललेली तांब्याची कोर दाबाने लवकर झिजते आणि नंतरच्या प्रतींमधली मखमली रेष फिकी पडते. छापाचित्रकार कृष्णा रेड्डींच्या व्हिस्कॉसिटी पद्धतीत तर कमी-जास्त घट्ट शाया एकाच प्लेटवर चढतात, त्यामुळे प्रतीप्रतीत थोडा फरक पडतो. तो दोष धरू नका.

बिलावर तंत्र, वर्ष, कागद, एकूण प्रती आणि ए.पी. किती, हे लिहून घ्या. कलावंताच्या मृत्यूनंतर जुन्या प्लेटवरून काढलेली प्रत असेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं हवं. तिची किंमत कमी असते.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते फ्रेमवाल्याकडे. समास कापू देऊ नका. कापला की किंमत गेलीच. फेविकॉल, सेलोटेप आणि मागे हार्डबोर्ड, तिन्ही नको. ॲसिड-फ्री माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा आम्ल नसलेला जाड पुठ्ठा, मागा. चित्र फक्त वरच्या कडेला, जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांनी आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने टांगायचं. नाशिकच्या पावसाळ्यात कागद ओल पिऊन फुगतो. चारही बाजूंनी चिकटवलेला असेल तर त्याला पसरायला जागा नसते आणि कायमच्या लाटा पडतात. माउंटची जाडी काच आणि कागद यांच्यात अंतर ठेवते. ते नसलं की काचेवर जमलेला दमटपणा थेट शाईला लागतो.

बाहेरच्या, ओल धरणाऱ्या भिंतीवर टांगू नका. फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावा, म्हणजे हवा खेळती राहते. पाऊस सरला की ऑक्टोबरमध्ये फ्रेम उतरवून पाठ बघा. तांबूस ठिपके किंवा कसरीने कुरतडलेली कड दिसली तर पुसायला जाऊ नका. कागदाचं काम करणाऱ्या संवर्धकाकडे न्या.