जुना सीबी रेडिओ घरच्या घरी कसा दुरुस्त करावा

अमेरिकेत गराज सेलच्या टेबलांवर जुने सीबी रेडिओ अजूनही सापडतात. सीबी म्हणजे सिटिझन्स बँड. 1958 मध्ये 27 मेगाहर्ट्झचा हा पट्टा सामान्य नागरिकांना बोलायला मोकळा झाला. 1973 ची तेलटंचाई आली, पाठोपाठ ताशी 55 मैलांची वेगमर्यादा आली, आणि डिझेल कुठे मिळतंय, पोलीस कुठे उभे आहेत हे एकमेकांना कळवायला ट्रकवाल्यांना हा रेडिओ फार उपयोगी पडला. त्यांचं बघून बाकीच्यांनीही घेतले. त्या काळात विकले गेलेले लाखो संच आज कुणाच्या तरी माळ्यावर पडून आहेत.

ओहायोत राहायला आल्यापासून मी असे बरेच संच दुरुस्त केले. त्यातले बहुतेक मला 'बंद आहे' म्हणूनच मिळाले, आणि खरोखर बंद असलेले फार थोडे निघाले. कुठे एखादा संपर्क काळा पडलेला असतो, कुठे सोल्डर सुटलेलं असतं. म्हणून पहिलं सांगणं हेच: दोष नेमका कुठे आहे हे कळेपर्यंत आतलं काही बदलू नका, काही फिरवू नका.

हाताशी काय हवं? मल्टीमीटर, 13.8 व्होल्टचा आणि करंटला मर्यादा घालता येणारा पॉवर सप्लाय, 50 ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, शक्ती जिरवणारा रोधक), एसडब्ल्यूआर (अँटेना संचाशी किती जुळलाय याचं माप, जितकं कमी तितकं चांगलं) आणि वॉट दाखवणारा मीटर, सोल्डरिंग आयर्न, कॉन्टॅक्ट क्लीनर आणि एक चांगलं भिंग. त्या मॉडेलचं सर्किट डायग्राम मिळालं तर निम्मं काम झालं. सुरुवातीला गाडीत बसवायचा, ट्रान्झिस्टरचा संच घ्या. घरच्या विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या संचात जीवघेणे व्होल्टेज असतात, ते पहिल्या हातासाठी नाहीत.

न उघडता करायच्या तपासण्या

संच लागतो, दिवा पेटतो, पण आवाज नाही. अशा वेळी आधी माईक जोडलाय का बघा. बऱ्याच जुन्या संचांत स्पीकरचा मार्ग माईकच्या बटणातून जातो. माईक नसेल तर स्पीकर गप्प. माईक न देता विकलेले कितीतरी संच केवळ याच कारणाने 'मेलेले' ठरतात. मग पुढचं पीए-सीबी बटण सीबीवर आहे ना ते पाहा (पीएवर संच रेडिओऐवजी साध्या लाउडस्पीकरचं काम करतो), आणि स्क्वेल्च, म्हणजे कुणी बोलत नसताना खरखर दाबणारं बटण, पूर्ण उलटा फिरवा. तरीही आवाज नसेल तर संचाच्या मागे, बाहेरचा स्पीकर लावायच्या जॅकमध्ये पिन पाच-सहा वेळा आतबाहेर करा. पिन काढल्यावर आतला स्पीकर जोडणारी पत्री त्या जॅकमध्येच असते, आणि चाळीस वर्षांत तिच्यावर गंज धरतो.

संच लागतच नसेल आणि फ्यूज घालताक्षणी उडत असेल, तर कुणीतरी कधीतरी लाल-काळी वायर उलटी जोडलेली असते. अशा चुकीपासून वाचवायला सप्लायच्या तोंडाशी एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आडवा टाकलेला असतो. तो स्वतः शॉर्ट होऊन बाकीचा संच वाचवतो. मल्टीमीटरने दोन्ही बाजूंनी शून्य ओहम आले की तो बदलायचा. दहा मिनिटांचं काम आहे. मोठा फ्यूज घालून बघायचा मोह मात्र आवरा, त्यात सर्किट बोर्डवरचे तांब्याचे ट्रॅक जळतात.

पीए बटणाचा एक मोठा उपयोग फार जणांना माहीत नसतो. एएम (आवाजाप्रमाणे लहरीची ताकद कमी-जास्त करणाऱ्या) सीबीत ऐकताना स्पीकर चालवणारा ऑडिओ अॅम्प्लिफायर आणि बोलताना तुमचा आवाज लहरीवर चढवणारा अॅम्प्लिफायर सहसा एकच असतो. पीएच्या जॅकला स्पीकर लावून माईकवर बोला. आवाज आला तर माईक, त्याची वायर आणि ऑडिओ चांगले. दोष रेडिओच्या भागात. नाही आला, पण ऐकताना आवाज स्वच्छ येतो, तर माईकची वायर तपासा. ती बहुतेक वेळा प्लगच्या अगदी मुळाशी तुटलेली असते.

काही चॅनल चालतात, काही नाहीत

हा दोष मला सगळ्यात आवडतो, कारण इथे संच स्वतःच उत्तर देतो. व्हॉल्यूम, स्क्वेल्च आणि चॅनल सिलेक्टर यांच्यात कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तीस-चाळीस वेळा फिरवा. खरखर गेली, चॅनल परत आले, तर प्रश्न मिटला. नाही आले, तर कागद घ्या आणि चालणारे-न चालणारे चॅनल लिहून काढा.

1 जानेवारी 1977 पासून अमेरिकेत 40 चॅनल आले. त्याआधीचे 23 चॅनलचे संच क्रिस्टलवर, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सीने कंप पावणाऱ्या क्वार्ट्झच्या तुकड्यांवर चालत. प्रत्येक चॅनलला वेगळा क्रिस्टल देणं महाग पडलं असतं, म्हणून दोन क्रिस्टलच्या वजाबाकीतून चॅनल काढत. एका प्रचलित रचनेत 37.600 पासून 37.850 मेगाहर्ट्झपर्यंत 0.050 च्या अंतराने सहा क्रिस्टल असतात, बोलण्यासाठी 10.635, 10.625, 10.615 आणि 10.595 असे चार, आणि ऐकण्यासाठी आणखी चार. एकूण चौदा. 37.600 मधून 10.635 वजा केले की 26.965 येतात, तोच चॅनल 1. सहा गुणिले चार चोवीस होतात आणि चॅनल तेवीस. उरलेली जागा 27.235 ची. अशा संचांच्या सिलेक्टरवर 22 आणि 23 च्या मध्ये एक रिकामं घर दिसतं ना, ते हेच.

आता कागदाकडे बघा. सलग चार चॅनल गेले असतील तर सहांपैकी एक क्रिस्टल. 1, 5, 9, 13, 17, 21 असे चार-चारच्या अंतराने गेले आणि ते फक्त बोलताना, तर बोलण्याच्या चारांपैकी एक. तसेच फक्त ऐकताना गेले तर ऐकण्याच्या चारांपैकी. माझ्या एका संचात 9 ते 12 गप्प होते. म्हणजे 37.700 चा क्रिस्टल. अंगावर आकडा कोरलेली ती छोटी पत्र्याची डबी सापडली. बोर्ड उलटा करून भिंगातून पाहिलं, तर तिच्या एका पायाभोवती सोल्डरमध्ये केसाएवढं काळं कडं होतं. पाय आत मोकळा डुलत होता. जुनं सोल्डर ओढून घेऊन नवा थेंब दिला आणि चारही चॅनल एकदम बोलायला लागले. एकही भाग बदलावा लागला नाही.

40 चॅनलच्या संचात हे काम पीएलएल चिप करते, जी एकाच क्रिस्टलशी ताळा घालून प्रत्येक चॅनलची फ्रिक्वेन्सी धरून ठेवते. बऱ्याच संचांत 10.240 मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला 1024 ने भागून 10 किलोहर्ट्झचा संदर्भ मिळतो. पीएलएलला नेमकी फ्रिक्वेन्सी धरता (लॉक होता) आली नाही तर संच मुद्दाम प्रक्षेपण थांबवतो. सगळेच चॅनल एकदम गेले की आधी चिपचा सप्लाय आणि मग तो क्रिस्टल चालतोय का ते मोजा.

कपॅसिटर आणि शेवटचा ट्रान्झिस्टर

आवाज मंद, घुमा किंवा गुणगुणता असेल, तर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून वाळलेले असतात. मूल्य तेच, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, 105 अंशांचे घ्या. एका वेळी एकच बदला आणि ध्रुव बघून बसवा. सगळे उपटून मग लावायला बसलं की हमखास एखादा उलटा लागतो.

ऐकू येतं, पण वॉटमीटर हलत नाही, तर अँटेनाविना माईकचं बटण दाबून कुणीतरी शेवटचा, म्हणजे अँटेनाला शक्ती देणारा ट्रान्झिस्टर जाळलेला असू शकतो. सप्लाय काढून कलेक्टर-एमिटर शॉर्ट आहे का पाहा. अनेक संचांत तिथे 2एससी1969 असतो. मूळ आता बनत नाही आणि नकली फार फिरतात, तेव्हा खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्या. नवा बसवताना खालचा अभ्रकाचा तुकडा विसरू नका, कारण त्याची पाठ कलेक्टरला जोडलेली असते. तपासणी नेहमी डमी लोडवर करा. वाहक लहर 4 वॉट आली की पुरे, एएमवर कायद्याने तेवढीच परवानगी आहे.

कॉइलमधले फेराइटचे गाभे, म्हणजे ट्यूनिंगचे छोटे स्क्रू, फिरवू नका. ते ठिसूळ असतात, तुटतात, आणि एकदा जागा हलली की उपकरणांशिवाय परत जुळत नाहीत. प्रक्षेपणाचं ट्यूनिंग जाणकार तंत्रज्ञाकडे सोपवा.

संच भारतात न्यायचा असेल तर हे लक्षात ठेवा: तिथे विनापरवाना मुभा 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ, 5 वॉटपर्यंत आणि संचातच बसवलेल्या अँटेनासाठी आहे. गाडीवर अँटेना लावायचा अमेरिकन संच त्यात बसत नाही, आणि 28 पासूनचे चॅनल तर त्या पट्ट्याबाहेरच पडतात.

सगळं जमलं की गाडीवर अँटेना लावून चॅनल 1 आणि 40 वर एसडब्ल्यूआर मोजा. 1 वर जास्त असेल तर अँटेना आखूड आहे, 40 वर जास्त असेल तर लांब. दोन्हीकडे 2 च्या खाली आणा, मग 19 वर या. ट्रकवाले अजूनही तिथेच बोलतात.