कोरियन बँडचं पहिलं जपानी गाणं मराठी तोंडात कसं बसवायचं

बेळगावच्या शहापुरात माझ्याकडे गिटार शिकायला येणाऱ्या पोरांना डे सिक्सचं वेड आहे. सोलचा हा बँड कोरियात सप्टेंबर २०१५ मध्ये आला आणि १४ मार्च २०१८ ला त्यांचं पहिलं जपानी सिंगल निघालं, 'इफ – माता आएतारा'. 'रिपीट' या जपानी मालिकेचं ते शीर्षकगीत. गायचं ठरलं की पोरं लगेच रोमन लिपीतले बोल शोधतात. ते बाजूला ठेवा. वही काढा आणि ऐकत ऐकत देवनागरीत लिहा.

नावापासूनच सुरुवात करूया की. मा-ता-आ-ए-ता-रा. सहा अक्षरं, सहा सारखे ठोके. आपण सवयीने 'मा' लांबवतो. जपानीत तो आखूड. पायाने ताल धरा, ठोक्याला एक अक्षर. 'जुत्तो'सारखं जोडाक्षर आलं तर अर्ध्या 'त्'लाही आख्खा ठोका: जु, त्, तो. 'नान्दो'तल्या 'न्'चंही तेच. हा ठोका खाल्ला की गळा गिटारच्या पुढे पळतो. खानापूरहून येणारी एक मुलगी बसमध्ये बोटांच्या पेरांवर हे ठोके मोजत येते. तिचा ताल वर्गात सगळ्यांत पक्का आहे.

आता च आणि ज. 'इत्सुका'तला त्सु म्हणजे जवळजवळ आपल्या 'चाळ'मधला च, 'चहा'तला नव्हे. 'जुत्तो'चा ज 'जाळी'तला, 'जेवण'मधला नाही. कन्नडमध्ये हे दंत्य उच्चार नाहीत, म्हणून आपला कन्नड शेजारी 'चाळ'लाही चहाचाच च लावतो. कोरियनमध्येही ते नाहीत. तिथल्या गायकाची जीभ 'चु', 'जु'कडे वळते. हेडफोन लावून नेमक्या या जागा ऐका. त्सु स्वच्छ लागला असेल तर त्यामागे किती घोटवणं असेल! वहीत अशा प्रत्येक च-ज खाली टिंब द्या. बेळगावच्या मराठी पोराला हे उच्चार आईच्या भाषेतूनच मिळालेत, ते वापरा.

रेकॉर्ड मागवणार असाल तर एक सांगतो: जपानी सिंगलच्या मर्यादित आवृत्तीत बरेचदा डीव्हीडी असते. डीव्हीडी आणि प्लेअर दोघांनाही भागानुसार क्रमांक, म्हणजे 'रीजन', असतो. ती रीजन २ ची, आपले प्लेअर रीजन ५ चे. बहुतेक चालत नाही. फक्त सीडीची साधी आवृत्ती घ्या.

कॉर्ड्स शेवटी. आधी नुसत्या टाळीवर पूर्ण गाणं म्हणता आलं पाहिजे, मगच गिटार मांडीवर.