इंग्रजी वाक्य पुरं आहे की अर्धवट, कसं ओळखावं?

दादरला गाडी रद्द झाली की ऑफिसला निरोप जातो: ‘ट्रेन कॅन्सल्ड, विल बी लेट.’ व्हॉट्सॲपवर चालून जातं, अर्जात नाही.

आधी क्रियापद शोधा. त्याला काळ हवा. वाक्याला आधी ‘यस्टरडे’, मग ‘टुमॉरो’ लावून बघा. ‘द ट्रेन स्टॉप्स ॲट दादर’मधलं ‘स्टॉप्स’ लगेच ‘स्टॉप्ड’ आणि ‘विल स्टॉप’ होतं. ‘द मॅन स्टँडिंग ऑन प्लॅटफॉर्म फोर’मध्ये काहीच हलत नाही, कारण नुसत्या ‘स्टँडिंग’ला काळ नाही. त्याआधी ‘इज’ किंवा ‘वॉज’ आलं की वाक्य झालं.

मग कर्ता. ‘पोहोचलो’ म्हटलं की त्यात ‘मी’ आलाच. नुसत्या ‘रीच्ड’वरून कोण पोहोचलं ते कळत नाही. ‘इट इज रेनिंग’मधला ‘इट’ तर कोणीच नाही, पण लोकलमध्ये रुमाल टाकून धरलेल्या सीटसारखी ती जागा धरावीच लागते. सूट फक्त आज्ञेला आणि विनंतीला: ‘प्लीज माइंड द गॅप’मध्ये ‘यू’ गृहीत असतो.

‘मी आलो नाही. कारण ताप होता.’ मराठीत हे खपतं. ‘बिकॉज आय हॅड अ फीव्हर.’ मात्र अधांतरी राहतं. म्हणून ‘बिकॉज’ने वाक्य सुरूच करू नये, असं नाही, पुढे ‘आय स्टेड ॲट होम’ जोडा. ‘जरी–तरी’च्या सवयीने ‘ऑलदो’ आणि ‘बट’ दोन्ही येतात. एकच ठेवा.

सगळ्यात चिवट चूक कॉमाची. ‘गाडी चुकली, उशीर झाला’ हा आपला बोलण्याचा ढंग. त्याच चालीवर ‘आय मिस्ड द ट्रेन, आय वॉज लेट’ लिहिलं जातं. याला कॉमा स्प्लाइस म्हणतात. कॉमाच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या वाचा. दोन्ही स्वतंत्र उभ्या राहत असतील, तर एकट्या कॉमाला तो भार पेलत नाही. फुलस्टॉप द्या, सेमीकोलन द्या, किंवा कॉमानंतर ‘सो’ घाला. नुसता कॉमा खोडलात तर रन-ऑन होतं, म्हणजे दोन वाक्यं मध्ये काहीच नसताना एकमेकांना चिकटतात: आगीतून फुफाट्यात. ‘हाउएव्हर’ फसवं आहे: अर्थ ‘बट’चा, पण दोन वाक्यं जोडायची ताकद नाही. दोन वाक्यांच्या मध्ये ते आलं, तर त्याआधी फुलस्टॉप किंवा सेमीकोलन हवाच.

तपासताना मजकूर शेवटच्या वाक्यापासून उलटा वाचा. संदर्भ तुटतो आणि अर्धवट वाक्य उघडं पडतं. दादरचा निरोप मग असा होतो: ‘द ट्रेन वॉज कॅन्सल्ड, सो आय विल बी लेट.’