झोटेरो अपग्रेड केल्यावर ब्राउझरचं बटण चालेना?

मुंबई विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसमध्ये प्रबंध सादर करायची तारीख तोंडावर आलेली असताना झोटेरो (संदर्भ साठवायचं, टाकायचं सॉफ्टवेअर) ६ वरून ७ वर नेलंत आणि क्रोममधल्या कनेक्टरला, म्हणजे वेबपानावरून संदर्भ झोटेरोत टाकणाऱ्या बटणाच्या एक्स्टेन्शनला, झोटेरो सापडतच नाही, तर ते लगेच काढून टाकू नका. आधी संगणकावरचं झोटेरो उघडं आहे ना, ते बघा. कनेक्टर आणि झोटेरो यांचं बोलणं त्याच संगणकात २३११९ या पोर्टवरून (प्रोग्राम एकमेकांशी जोडले जातात त्या क्रमांकाच्या दारातून) चालतं. अँटिव्हायरस, व्हीपीएन किंवा प्रॉक्सी (इंटरनेटची वाहतूक मधल्या सर्व्हरमधून नेणारी सेटिंग) ते अडवू शकतात. कॉलेजच्या संगणकावर माझा पहिला संशय प्रॉक्सीवरच. वर्डमधला झोटेरोचा टॅब गायब असेल तर झोटेरोच्या सेटिंग्जमधून तो पुन्हा बसवा. झोटेरो ६ साठीची जुनी प्लगइन्स (वेगळी बसवलेली जोड-साधनं) ७ मध्ये चालत नाहीत, नव्या आवृत्त्या घ्या. आणि अपग्रेडच्या आधीच, झोटेरो बंद करून, डेटा फोल्डरची प्रत पेन ड्राइव्हवर काढाच.