सेंद्रिय खानावळ काढताय? आधी या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी मेनू कार्ड छापायचं आणि मग त्यासाठी भाजी शोधत फिरायचं. शहरातल्या हॉटेलात पालक पनीर बारमाही मिळतं, म्हणून आपल्याकडेही हवंच! अहो, पारा ४५ वर असताना विदर्भातल्या कोरडवाहू वावरात पालक येणार कुठून?

हिंगणघाटकडे हायवेलगत शेतकऱ्यांच्या एका गटानं अशीच खानावळ थाटली. सारवलेलं अंगण, फलकावर ‘वावरातून थेट ताटात’. हिवाळा छान गेला. उन्हाळ्यात विहिरी आटल्या, मेनू मात्र तोच. मी जेवत होतो त्या दुपारी शेजारचे एक निवृत्त कृषी सहायक हात धुवायला मागं गेले. तिथं मंडईचे कॅरेट रचलेले, वर आडत्याची चिठ्ठी तशीच. ते काही बोलले नाहीत, पैसे देऊन निघून गेले. पण गोष्ट तालुकाभर झाली, आणि ज्यांनी खरोखर फवारणी सोडली होती त्यांच्या भाजीकडेही लोक संशयानं पाहू लागले. याचा मला आजही संताप येतो.

माझ्या खानावळीत मी कार्ड छापूच देत नाही. फळा आणि खडू. सकाळी जे आलं ते लिहायचं. पावसाळ्यात तरोटा, काटवल, धोपा या भाज्या. उन्हाळ्यात पाटवडी रस्सा, हरभऱ्याचा वाळवलेला पाला, कोहळ्याच्या वड्या, जवसाची चटणी, ज्वारीची भाकर. मात्र ही वाळवणं हिवाळ्यातच करून ठेवावी लागतात, आणि घाई असलेल्यांना नेमकं हेच नको असतं.

दुसरी चूक तुरीची. ‘लागेल तशी भरडू’ म्हणून तूर पोत्यात अख्खी ठेवतात. भुंगा शेतातच शेंगेवर अंडी घालून आलेला असतो. पावसाळ्यापर्यंत पोत्यात पीठ. मग कुणीतरी गुपचूप पोत्यात कीडनाशक गोळी टाकतो आणि सगळ्या मेहनतीची माती होते. भरडलेल्या डाळीला भुंगा फार कमी लागतो. म्हणून मार्चपर्यंत डाळ करून घ्या, कडक ऊन द्या, तेलाचा हात फिरवा आणि झाकण घट्ट बसणाऱ्या कोठीत भरा.

रासायनिक खत बंद केलं की त्याच हंगामात ‘प्रमाणित सेंद्रिय’ लिहू नका. हंगामी पिकांनाही साधारण २ वर्षांचा संक्रमण काळ लागतो, आणि प्रमाणपत्राशिवाय ‘जैविक भारत’ हे सेंद्रिय मालाचं सरकारी चिन्ह लावता येत नाही. ‘आमच्या गटाची, बिनफवारणीची’ एवढं खरं लिहा.

शेजारी कपाशी फवारत असेल तर त्या धुऱ्यालगतचा (बांधालगतचा) सांभार, म्हणजे कोथिंबीर, ताटात घेऊ नका.

आणि शेतकऱ्याचे पैसे थकवू नका. ‘महिन्याअखेर बघू’ म्हणणाऱ्यांकडे चांगला माल येणं आपोआप बंद होतं. मी आठवडी बाजाराच्या दिवशी हिशेब चुकता करतो, गल्ल्यात काही उरो न उरो.