कारची चिपवाली चावी तुटली? नवीन चावीचे पैसे भरण्याआधी हे करून बघा

चावी तुटली की आपण आधी शोरूमला फोन लावतो, तिकडून उत्तर येतं की पूर्ण चावी मागवावी लागेल, मग कोडिंग करावं लागेल (म्हणजे नवी चावी गाडीला ओळखायला लावावी लागेल), आणि आकडा थेट हजारांत जातो. पण बहुतेक वेळा तुटलेलं असतं ते नुसतं प्लॅस्टिकचं कव्हर नाहीतर ब्लेड, म्हणजे लॉकमध्ये जाणारी धातूची पट्टी. जिच्यावरून गाडी आपली चावी ओळखते ती आतली चिप धडधाकट असते आणि खरा खर्च तिच्या कोडिंगचाच असतो. ती वाचवली की काम काही शे रुपयांत उरकतं.

म्हणून पहिलं काम, सगळे तुकडे गोळा करून डबीत ठेवा. चिप म्हणजे काचेची बारीक नळी नाहीतर काळा चपटा तुकडा, एवढासा की जमिनीवर पडला तर सापडायचा नाही. काही मॉडेलमध्ये ती रिमोटच्या सर्किटवरच सोल्डर केलेली असते. ब्लेड लॉकमध्ये अडकून तुटलं असेल तर फेविक्विक लावून ओढायचा उद्योग प्लीज नको, लॉकच चिकटून बसेल. टोकदार चिमट्याने निघालं तर ठीक, नाहीतर चावीवाल्याला बोलवा.

आता चिप चालू आहे का ते तपासा. इग्निशनच्या लॉकभोवती एक कॉइल असते, चिपला करंट तिच्यातूनच मिळतो, त्यामुळे चिपला सेल लागत नाही. म्हणजे रिमोटची बटणं बंद पडली तरी गाडी चालू व्हायला पाहिजे. चावीवाल्याकडून साधी बिनचिपची चावी कापून घ्या, ती लॉकमध्ये घाला आणि तुटलेल्या चावीचं डोकं लॉकला अगदी चिकटवून धरून स्टार्टर मारा. इंजिन नीट चालू राहिलं तर चिप ठणठणीत. डोकं न धरता मारलात तर इंजिन पकडणारच नाही किंवा एखाद-दोन सेकंदांत बंद पडेल आणि डॅशबोर्डवर चावीचा नाहीतर लॉकचा दिवा लुकलुकेल. (काही जण मग चिप स्टीअरिंगच्या कव्हरखाली टेप लावून कायमचीच चिकटवून टाकतात. फुकटात काम होतं खरं, पण मग साधी चावी कापून कोणीही गाडी नेऊ शकतो, तेव्हा हे करू नका.)

चिप चांगली असेल तर नुसतं शेल म्हणजे रिकामं कव्हर घ्या, ऑनलाइन मिळतं, पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाऊसला स्पेअर पार्टच्या दुकानांतही मिळतं. घेताना फक्त गाडीचं नाव सांगून भागत नाही, मॉडेलचं वर्ष, बटणं किती, ब्लेडची खाच डावीकडे का उजवीकडे, आत चिप बसवायला जागा आहे का, हे सगळं जुन्या चावीशेजारी ठेवून जुळवा.

बदलताना टेबलावर पांढरं फडकं पसरा. जुनं कव्हर उघडण्याआधी आणि उघडल्यावर मोबाइलवर फोटो काढा, कुठला तुकडा कसा बसला होता ते नंतर आठवत नाही. चिप गोंदाने चिकटवलेली असेल तर हेअर ड्रायरने थोडं गरम करून प्लॅस्टिकच्या काडीने हळू सोडवा, स्क्रूड्रायव्हरने उचकटलीत तर काच फुटेल आणि मग सगळी बचत गेली. जुनं ब्लेड चांगलं असेल तर पिन काढून तेच नव्या शेलमध्ये बसवा, नाहीतर शेलसोबत आलेलं कोरं ब्लेड चावीवाल्याकडून कापून घ्या. जुनं ब्लेड दोन तुकड्यांत असलं तरी द्या, जोडून माप घेता येतं.

नुसतं बटण दाबलं जात नसेल तर आधी सेल बदला, नंबर सेलवरच लिहिलेला असतो. तरी नाही चाललं तर सर्किटवरचा छोटा स्विच मोबाइल रिपेअरवाला बदलून देतो.

चिपच गेली असेल आणि दुसरी चावी घरात असेल तर दोन रस्ते आहेत. एक, तिच्यावरून चिप क्लोन करणं, गाडीला तीच चावी वाटते, पण सगळ्या चिप क्लोन होत नाहीत. दुसरा, स्टीअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं सॉकेट) मशीन लावून नवी चावी जोडणं. काही गाड्यांमध्ये यात आधीच्या चाव्या गाडीच्या मेमरीतून उडतात, म्हणून घरातल्या सगळ्या चाव्या घेऊन जा आणि पैसे देण्याआधी प्रत्येकीने गाडी चालू करून बघा. मशीनवाला काम करत असताना तिथेच थांबा, गाडी ठेवून चहाला जाऊ नका. तो आरसी मागत असेल तर चांगलंच आहे, न मागणाऱ्याकडे मी तरी जाणार नाही. भंगारातल्या गाडीची चिपवाली चावी स्वस्तात मिळते पण ती बहुतेक वेळा जुन्या गाडीलाच लॉक झालेली असते, त्या फंदात पडू नका.

एकही चालू चिप उरली नसेल तर मात्र खर्च बराच वाढतो. तेव्हा गाडी घेताना मिळालेला चावीच्या नंबरचा टॅग शोधा आणि इन्शुरन्सच्या पॉलिसीत की रिप्लेसमेंटचं ॲड-ऑन आहे का ते बघा. असेल तर आधी कंपनीला कळवा, मगच चावी बनवा. आणि काम झाल्यावरही जुनी तुटकी चावी बिलासकट जपून ठेवा, गाडी चोरीला गेली तर क्लेमच्या वेळी कंपनी मूळच्या दोन्ही चाव्या मागते.